चेंडू गेला, तुम्ही उभे आहात का?

डिसेंबरातली सकाळ, बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान, गवतावर दाट दव. मी सेव्हन आयर्न, म्हणजे मध्यम पल्ल्याचा क्लब (गोल्फची काठी) फिरवला. चेंडू शोधायला मान वर करतोय तोच मागून काका म्हणाले, "जमणी बाजु, झाडमां." उजवीकडे, झाडीत. चेंडू खरोखरच तिकडे गेला होता. गंमत अशी की काकांनी चेंडूकडे पाहिलंच नव्हतं, ते माझ्या बुटांकडे बघत होते.

काका म्हणजे आमचे कॅडी, खेळाडूची बॅग सांभाळणारे. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं. मला हाताला धरून त्यांनी दव दाखवलं. डाव्या बुटाचा ठसा पुसट होता. उजव्याचा अख्खा तळवा गवतात रुतलेला, आणि त्याच्याही मागे एक घसरलेला अर्धा ठसा. म्हणजे चेंडू मारून मी पुढे जाण्याऐवजी दीड पाऊल मागे कोलमडलो होतो, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. "साहेब, मारीने ऊभा तो रहो!" मारून झाल्यावर उभे तर राहा.

बडोद्यात वाढलेल्या कुठल्याही मुलासारखा मी आधी क्रिकेटवाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोल्फकडे वळलो. पहिलं वर्षभर ग्रिप (पकड), स्टान्स (उभं राहण्याची पद्धत), बॅकस्विंगचा (क्लब मागे-वर नेण्याचा) कोन यांतच अडकलो होतो. एका शिकवणाऱ्याने तर तीन महिने पैसे घेऊन 'डोकं खाली ठेवा' एवढं एकच वाक्य मला दिलं. चेंडू गेल्यानंतरच्या दोन सेकंदांबद्दल तो कधी बोलला नाही. पुढे मी उलट्या टोकाने शिकलो, म्हणजे शेवटची मुद्रा (फिनिश) आधी आणि बाकीचा स्विंग (क्लब फिरवणं) नंतर. तोच क्रम इथे सविस्तर लिहितो आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

चेंडू गेल्यावर फिनिशचा उपयोग काय?

शंका रास्त आहे. क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ४६ ग्रॅमपेक्षा किंचित हलका चेंडू तेवढ्यात निघून जातो. मग तुम्ही हात कानामागे न्या नाहीतर खिशात घाला, त्याला काही कळायचं नाही.

पण थांबायचं कुठे, हे शरीर आधीच ठरवून बसतं. क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना जो 'क्रीजपर्यंत' धावतो तो क्रीजच्या दोन पावलं आधीच मंदावतो. जो क्रीजच्या पलीकडच्या एखाद्या जागेकडे धावतो तो क्रीज पूर्ण वेगात ओलांडतो. गोल्फमध्येही चेंडू हाच शेवट धरला की हात, कंबर आणि खांदे चेंडूच्या आधीच ब्रेक लावतात. कंबर थांबते आणि मनगटं एकटीच पुढे पळतात, त्यामुळे क्लबचं तोंड दर वेळी वेगळ्या कोनात येतं. मग कधी स्लाइस (चेंडू उजवीकडे वळतो), कधी हुक (डावीकडे वळतो), कधी नुसतं गवत उपटणं.

आयर्नच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. चांगल्या फटक्यात क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागतो. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या काही इंच पुढे असतो, म्हणून डिव्हटही (गवत उडून पडणारी खाच) चेंडूच्या जागेपुढेच पडते. वजन उजव्या पायावर राहिलं की हा बिंदू मागे सरकतो. मग क्लब आधी मातीत घुसतो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या डोक्यावर चापट मारतो. तेव्हा फिनिशमध्ये वजन कुठे आहे हे पाहिलं की फटक्याच्या क्षणी ते कुठे होतं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. काकांची विद्या ती हीच.

पहिली पायरी: क्लब बाजूला ठेवा आणि शेवटच्या मुद्रेत उभे राहा

हे घरात, आरशासमोर करायचं. आठवडाभर चेंडूला हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यात कठीण जातं.

आरशाला लक्ष्य समजा. नेहमीच्या स्टान्समध्ये, म्हणजे डावा खांदा आरशाकडे करून उभे राहा. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे वीस-तीस अंश उघडा ठेवा. हा कोन सुरुवातीलाच द्यायचा, कारण पूर्ण वळताना पाऊल जागीच अडलं की पीळ गुडघ्यावर येतो. आता हात छातीवर घडी घालून आरशाकडे वळा आणि तिथेच थांबा. पायापासून वर तपासत जा.

जवळजवळ सगळं वजन डाव्या पायावर हवं, शंभरातले नव्वद भाग म्हणा. ते टाचेकडे आणि बाहेरच्या कडेकडे जाणवलं पाहिजे, चवड्यावर नाही. डावा पाय सरळ, पण गुडघा मागे रेटून कुलूप लावल्यासारखा नको. उजवी टाच पूर्ण वर, फक्त बोटांचं टोक जमिनीला. मागे कोणी उभं असेल तर त्याला तुमच्या उजव्या बुटाचा तळ दिसला पाहिजे. उजवा गुडघा डाव्याला टेकलेला किंवा अगदी जवळ. पट्ट्याचं बक्कल आरशाकडे, जमल्यास किंचित त्याच्याही डावीकडे. उजवा खांदा डाव्यापेक्षा आरशाच्या जवळ. ही खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. छाती अर्धवट वळलेली असली की दोन्ही खांदे आरशापासून सारख्याच अंतरावर दिसतात.

आता हात. दोन्ही तळवे ग्रिपसारखे जुळवून डाव्या कानाजवळ न्या. डावं कोपर खांद्याच्या उंचीवर दुमडलेलं असावं. कोंबडीच्या पंखासारखं अंगापासून बाहेर फेकलेलं नको. हातात क्लब असता तर दांडा मानेमागे विसावला असता. चेहरा सरळ लक्ष्याकडे.

परीक्षा एकच. उजवा पाय जमिनीपासून दोन इंच उचला. डुगडुगलात तर वजन अजून गेलेलं नाही. मी पहिल्या दिवशी दिवाणखान्यातल्या शोकेसवर आपटलो. बायको म्हणाली, "गोल्फ मैदानावर खेळतात ना?"

माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी ज्यांनी लाठी फिरवली असेल त्यांना हे लगेच उमगेल. लाठीचा वार झाला की हात सैल सोडून चालत नाही, पवित्रा हवाच. फरक इतकाच की गोल्फचा पवित्रा एका पायावरचा आहे.

दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा हे करा आणि दर वेळी तीन संथ श्वास त्याच स्थितीत उभे राहा. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीराला ती जागा सापडते.

दुसरी पायरी: शेवटाकडून मागे

आता हातात क्लब. फिनिशच्या मुद्रेत उभे राहा आणि तिथून सावकाश उलटं या, फित मागे फिरवल्यासारखं. हात कानाजवळून खाली, छाती चेंडूच्या दिशेला, पण डाव्या पायावरचं वजन तसंच ठेवून. क्लब चेंडूच्या काल्पनिक जागी आला की थांबा. अंगाची नोंद घ्या. कंबर लक्ष्याकडे उघडलेली आहे, हात क्लबच्या डोक्याच्या किंचित पुढे आहेत, उजवी टाच सुटू लागली आहे. चेंडूला लागतानाची स्थिती साधारण अशीच असते. सुरुवातीच्या स्टान्सपेक्षा ती इतकी वेगळी वाटते की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तिथून पुन्हा पुढे फिनिशला जा. मागे, पुढे, मागे, पुढे, आठ-दहा वेळा.

मग क्लब उलटा धरा, डोक्याकडून, आणि चेंडू नसताना पूर्ण स्विंग करा. दांडा हवेत 'सूंऽऽ' करतो. तो आवाज कुठे सर्वात मोठा येतो ते ऐका. उजव्या पायापाशी आला तर जोर आधीच संपला. तो डाव्या पायाच्या पुढे यायला हवा. कानाने शिकण्याचा हा प्रकार मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण कानाला खोटं सांगता येत नाही. घराच्या गच्चीवर सहज होतो. फक्त उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्यात गच्ची विसरा. मांजा, पोरं आणि फिरणारा क्लब एकत्र नकोत.

तिसरी पायरी: चेंडू, पण अर्धाच स्विंग

वेज किंवा नाइन आयर्न, म्हणजे कमी पल्ल्याचा क्लब घ्या. पाय जुळवून, दोन बुटांत एका मुठीएवढं अंतर ठेवून उभे राहा आणि कंबरेपासून कंबरेपर्यंत स्विंग करा. पाय जुळलेले असताना हातांनी हिसका मारला की तोल जातोच. त्यामुळे शरीर आपणहून छाती फिरवायला शिकतं. वीसेक चेंडू असे मारा. चेंडू चाळीस-पन्नास यार्ड जाईल, जाऊ द्या.

त्यानंतर पाय नेहमीसारखे ठेवा, स्विंग तीन-चतुर्थांश करा, आणि चेंडू निघाल्याबरोबर उजवा पाय उचलून लक्ष्याच्या दिशेने एक पाऊल टाका, चालायला लागल्यासारखं. दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेयर ऐन स्पर्धेतही फटका मारून असे चालत सुटायचे. वजन मागे अडकलेलं असेल तर हे पाऊल पडूच शकत नाही. दहा चेंडू पाऊल टाकून, मग दहा चेंडू पाऊल न टाकता फिनिशला थांबून, अशी अदलाबदल करा.

लय बिघडत असेल तर आकडे मोजा. व्यावसायिक खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाऊनस्विंगच्या (क्लब चेंडूकडे खाली आणण्याच्या) साधारण तिप्पट वेळ लागतो. लेझमीच्या ठेक्यावर 'एक-दोन-तीन' म्हणत वर, 'चार'ला चेंडू, आणि 'पाच'ला मुद्रेत स्थिर. 'पाच' मोठ्याने म्हणा. शेजारी खेळणारे बघतील, बघू देत.

ग्रिपही तपासा. मुठी आवळलेल्या असल्या की डावं कोपर दुमडत नाही आणि फिनिश छातीशीच अडतो. दहापैकी चार एवढी पकड पुरे.

क्रिकेटमधून आलेल्यांसाठी वेगळं

या गावात गोल्फच्या मैदानावर येणारा प्रत्येक दुसरा माणूस जुना क्रिकेटवाला. विजय हजाऱ्यांचं, अंशुमान गायकवाडांचं, पुढे किरण मोरे, पठाण बंधू आणि पंड्या बंधूंचं हे बडोदं. मोतीबागेचं मैदान पॅलेसच्या त्याच आवारात. युरोपीय पाहुण्यांसाठी महाराज प्रतापसिंहरावांनी करवून घेतलेलं हे गोल्फ मैदान १९९०च्या दशकात नव्याने तयार करून बाहेरच्यांना खुलं करणारे राजघराण्यातले समरजितसिंह गायकवाड स्वतः रणजी खेळलेले. तेव्हा आपल्या सवयी नाव घेऊन सांगितलेल्या बऱ्या.

कव्हर ड्राइव्हमध्ये पुढचा गुडघा वाकलेला राहतो, डोकं चेंडूवर, खांदा बाजूनेच, आणि फटका 'धरून' ठेवायचा. गोल्फमध्ये यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. पुढचा गुडघा सरळ होत जातो, छाती पूर्ण वळते, डोकं वळणाबरोबर वर येतं. दुसरी सवय खालच्या, म्हणजे उजव्या हाताची. चौकार मारताना तोच जोर देतो, इथे तोच क्लबचं तोंड बंद करून चेंडू डावीकडे पळवतो. काही दिवस उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ग्रिपवरून सैल सोडून अर्धे स्विंग करा, फरक लगेच दिसतो.

आणि ते 'डोकं खाली'. चेंडू निघेपर्यंत डोकं फार हलू नये, इतकंच त्यात खरं आहे. चेंडू गेल्यावरही हनुवटी छातीला चिकटवून बसलात तर उजवा खांदा हनुवटीवर येऊन अडतो आणि वळण तिथेच मरतं. खांद्यालाच डोकं वर न्यायचं काम द्या. स्वीडनची आनिका सोरेनस्टाम फटक्याच्या क्षणीच डोकं लक्ष्याकडे वळवायची, आणि तिने महिला व्यावसायिकांच्या एलपीजीए टूरवर ७२ स्पर्धा जिंकल्या. तिची नक्कल करा असं मी म्हणत नाही. मानेची भीती मात्र सोडा.

चौथी पायरी: पूर्ण स्विंग, आणि तोल गेला तर वाचन

सेव्हन आयर्नवर या. नियम एकच. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत फिनिश सोडायचा नाही. चेंडू वाईट गेला तरी नाही, उलट वाईट गेला तर नक्कीच नाही. वाईट फटक्यानंतर आपण हात झटकतो, क्लब आपटतो, आणि पुरावाच पुसून टाकतो. स्थिर उभे राहिलात तर चूक अंगावर लिहिलेली सापडते.

मागे, उजव्या टाचेवर कोलमडलात, म्हणजे चेंडू हवेत 'उचलण्याचा' प्रयत्न झाला. तो उचलायचं काम क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा करतो, तुम्ही नाही. चेंडूच्या दिशेने, चवड्यांवर पुढे झुकलात तर फटका क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागण्याचा संभव. स्टान्समध्येच वजन बोटांवर असेल, ते बुटाच्या मधोमध आणा. उलट, चेंडूपासून लांब मागे गेलात तर फटका क्लबच्या टोकाला लागतो. फिनिशमध्ये हात खाली, डाव्या बरगडीपाशीच राहिले आणि चेंडू उजवीकडे वळत गेला, तर क्लब बाहेरून आत कापत आला. यावर तिसऱ्या पायरीचे अर्धे स्विंग पुन्हा, कुरकुर न करता.

सगळं नीट आणि तरीही तोल जातो? मग जोर जास्त आहे. ऐंशी टक्क्यांवर या. तोल न ढळता जितक्या वेगाने फिरवता येतं, तो तुमचा वेग. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक मैदानातल्या बहुतेकींपेक्षा कमी लांब मारत होती, आणि चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं.

ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सगळ्यात शेवटी. दांडा लांब, वेग जास्त, चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) आणि डाव्या टाचेच्या रेषेत. मागे झुकण्याचा मोह इथे सर्वात मोठा. सुरुवातीचा किंचित उजवीकडचा कल चालतो, शेवट मात्र त्याच डाव्या पायावर.

मोबाइलवर स्लो मोशन काढा, पण दोनच जागांवरून. एक समोरून, कंबरेच्या उंचीवर. दुसरी मागून, हातांच्या रेषेत, लक्ष्याकडे तोंड करून. दिवसाला पाच फटके पुरेत. मी एकदा चाळीस काढले आणि ते बघण्यात रविवार गेला.

गुडघे, कंबर आणि अपवाद

जुनी छायाचित्रं पाहिलीत तर १९७०च्या दशकातले मोठे खेळाडू फिनिशमध्ये कमानीसारखे मागे वाकलेले दिसतील. त्या कमानीचा ताण कंबरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो. आता सरळ उभा फिनिश शिकवतात, डोकं, कंबर आणि डावा पाय एका रेषेत. पन्नाशीनंतर हाच करा. गुडघ्याची तक्रार असेल तर डावा चवडा आणखी उघडा ठेवा, किंवा वळताना पाऊल फिरू द्या. खांदा वर जात नसेल तर हात खांद्याच्या उंचीवर थांबले तरी चालेल, वळण मात्र पूर्ण हवं. दुखणं टिकून राहिलं तर आधी डॉक्टर, मग स्विंग. थंडीच्या सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या ड्रायव्हर हातात घेऊ नका. दहा मिनिटं चाला, कंबर फिरवा, वेजने सुरुवात करा.

फिनिश मुद्दाम तोडण्याचे फटकेही असतात. झाडाखालून चेंडू खालून काढायचा असेल तर हात छातीशीच थांबतात. उतारावर उभे असाल तर तोल उताराच्या बाजूला जाणारच, एखादं पाऊल पडलं तर तक्रार नको. आणि अर्नोल्ड पामर क्लब डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा फिरवत संपवायचा. त्याचे पाय मात्र नीट बघा. वरचं वादळ चालू असतानाही तो डाव्या पायावर उभा असतो.

गेल्या हिवाळ्यात, पुन्हा दवाची सकाळ. सेव्हन आयर्न, 'एक-दोन-तीन', 'चार', 'पाच'. उभा राहिलो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, चेंडू दिसलाच नाही. एक श्वास, दोन, तीन. मग वाकून पाहिलं, तर डाव्या बुटाचा ठसा गोल फिरलेला, आणि उजव्या बुटाच्या टोकाची गवतावर बोटभर रेघ. "काका, कुठे गेला?"

काका अजून खालीच बघत होते. "पग तो बराबर छे. एटले सामे ज हशे."

पाय बरोबर आहेत, म्हणजे समोरच असणार. आम्ही चालत गेलो. समोरच होता, ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) ओलांडून पलीकडच्या झुडपात, सरळ रेषेत. क्लबच गरजेपेक्षा लांब पल्ल्याचा घेतला होता.